गडग्यातली डोंगरफुलं: थंडीने नव्हे, ओलीने मरतात

कातळफूल

माझं माहेर राजापूरकडचं. घराभोवती गडगा होता, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पावसाळ्यात त्याच्या फटींतून नेचे आणि रानबिगोनिया फुटायचे. मूठभर मातीही नसलेल्या जागी एवढं कोवळं काही कसं उगवतं, हे लहानपणी मी तासन् तास बघत बसायचे.

आता अकरा वर्षं एडिंबराजवळ राहते. इथल्या घरामागे उतार आहे. तो धरून ठेवायला चार वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून मांडीपर्यंत येईल असा गडगा रचला आणि त्यात आल्पाइन झाडं लावली. आल्पाइन म्हणजे डोंगरावर झाडोरा जिथे संपतो, त्याच्या वर वाढणारी बुटकी फुलझाडं. मराठीत यावर फारसं लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून धागा काढते आहे. ज्यांनी ही झाडं लावली आहेत, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

सुरुवात माझ्या नुकसानीपासून करते. पहिल्या वर्षी मे महिन्यात लुइसिया कॉटिलीडॉनची तीन रोपं आणली. अमेरिकेत ऑरेगॉन-कॅलिफोर्नियाच्या डोंगरकडांवरचं हे झाड. मांसल पानांचा चपटा झुबका आणि त्यातून वर येणारी गुलाबी-केशरी पट्ट्यांची फुलं. पूर्वी याला आपल्या घोळीच्या आणि चिनी गुलाबाच्या कुळात धरत, आता कूळ वेगळं केलंय, पण पान बोटांत धरलं की नातं कळतं. मी ती सपाट वाफ्यात, छान काळ्या कंपोस्टात लावली. उन्हाळाभर फुलली. फेब्रुवारीत एका झुबक्याला हात लावला तर तो अलगद हातातच आला. खाली मानेपाशी, म्हणजे झुबका मुळांना जोडला जातो तिथे, तपकिरी लगदा झाला होता, मुळं मात्र अजून पांढरी, धडधाकट. उरलेली दोनही पंधरा दिवसांत गेली.

त्या हिवाळ्यात थंडी काही विशेष नव्हती. मग गेली कशाने? याचं उत्तर मिळालं तेव्हापासून माझी बागच बदलली.

ही झाडं मूळ ठिकाणी कितीतरी जास्त थंडी काढतात, पण कोरडी राहून. आल्प्समध्ये साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्यांच्यावर बर्फाची दुलई असते. तिच्याखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं, वारा लागत नाही आणि पाणी गोठलेलं असल्यामुळे झाडाला ओल लागतच नाही. झाड झोपलेलं असतं. एडिंबरात बर्फ पडतो तो चार दिवसांत वितळतो, आणि मग पाच महिने झिमझिम. वर्षाचा पाऊस मोजला तर इथे आणि पुण्यात फारसा फरक नाही, दोन्हीकडे सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण पुण्यात तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग ऊन जमीन वाळवतं. इथे तो बारा महिने वाटून पडतो, आणि हिवाळ्यात दुपारी साडेतीनला सूर्य कलतो, तर ओल वाळणार कधी? झुबक्याच्या मधोमध साचलेला पाण्याचा एक थेंबही आठवडाभर तसाच राहतो. कूज तिथूनच लागते.

दुसऱ्या वर्षी लुइसिया गडग्यात आडवी लावली, म्हणजे झुबक्याचं तोंड समोर, मुळं मागे भिंतीत. पाणी पडलं की पानांवरून घरंगळून जातं, मानेपाशी थांबतच नाही. ती दोन रोपं आज तिसरा हिवाळा काढून उभी आहेत.

---

मृद्गंध

काय सुंदर लिहिलंय! मी पुण्यात, कोथरूडला. गच्चीवर सत्तर-ऐंशी कुंड्या आहेत. दोन प्रश्न: गडगा नेमका कसा रचलात? आणि एडलवाइस, ते आल्प्समधलं पांढरं लोकरी फूल, पुण्यात जगेल का? बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात.

---

कातळफूल

मृद्गंध, गडग्याचं सविस्तर सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

पायाला टीचभर खोल चर खणून त्यात खडी ठोकून भरली. सगळ्यात मोठे दगड तळाला, अर्धे जमिनीत गाडलेले. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे घ्यायचा, म्हणजे फूटभर उंचीला दोन इंच भिंत मागे कलते. आपले गवंडी सांधमोड करतात तशी करायचीच, उभा सांधा एकावर एक आला तर भिंत तिथेच फाटते. आणि प्रत्येक दगड मागच्या बाजूला जरासा उतरता बसवायचा. असं केलं तर दगडावर पडलेलं पाणी आत मुळांकडे जातं. दगड पुढे उतरता बसला तर पाणी बाहेर ठिबकतं आणि फटीतलं झाड उन्हाळ्यात तहानेने मरतं. माझे खालचे दोन थर असेच चुकले होते, ते उपसून पुन्हा लावावे लागले.

मागे भरायला एक भाग बागेतली माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि दोन भाग बारीक खडी घेतली. खडी म्हणजे तांदळाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी. बारीक वाळू चालत नाही, ती मातीच्या फटी बुजवते आणि सगळं सिमेंटसारखं बसतं. खतही घालायचं नाही. पोसलेलं झाड लुसलुशीत वाढतं आणि पहिल्याच ओल्या हिवाळ्यात सडतं.

झाड भिंत रचतानाच लावलेलं उत्तम. एक थर झाला की त्यावर मातीचा पातळ थर पसरायचा, रोप आडवं निजवायचं, मुळं बोटांनी मागे उलगडायची, वर मूठभर माती आणि मग पुढचा दगड. दगडाचा भार मुळांवर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कपच्या लावायच्या. तयार भिंतीत लावायचं असेल तर रोप अगदी लहान हवं. मुळांवरची माती धुऊन ती ओल्या शेवाळात गुंडाळायची, जुन्या चमच्याच्या दांड्याने फटीत सारायची आणि तोंडाशी कपची ठोकायची. दहातली चार जगली तरी मला समाधान वाटतं.

एडलवाइसबद्दल मात्र नको म्हणेन. ते उगवेल, थंडीत पानंही देईल. पण एप्रिल-मेच्या गरम रात्री त्याला सोसत नाहीत. डोंगरावर दिवसा ऊन कडक असतं, पण रात्र थंड, आणि झाड रात्री सुस्तावतं. गरम रात्री ते साठवलेलं सगळं खर्च करून बसतं, आणि जूनमध्ये पाऊस आला की कुजतं.

---

आल्प्सवाटा

मी बर्नजवळ राहतो. एडलवाइसबद्दल थोडी भर घालतो. इथे ते चुनखडीच्या कोरड्या, उन्हाच्या उतारांवर येतं. ज्याला आपण फूल म्हणतो, तो पांढऱ्या लोकरी पानांचा तारा असतो, खरी फुलं मधल्या पिवळट गोंड्यांत. ती लोकर कडक ऊन आणि कोरडा वारा यांपासून झाडाचं रक्षण करते. खाली शहरातल्या बागेत सुपीक मातीत लावलं की झाड लांबुडकं होतं आणि तारा हिरवट दिसतो. त्याला उपाशी ठेवलं तरच ते शुभ्र राहतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत: दगड कुठला? आल्प्समध्ये चुनखडीवरची झाडं वेगळी, ग्रॅनाइटवरची वेगळी. निळ्या कर्ण्यासारख्या जेन्शियनच्याच दोन बहिणी बघा, क्लुसी चुनखडीवर आणि अकॉलिस आम्ल मातीवर. डोंगरगुलाब म्हणतो ते ऱ्होडोडेंड्रॉनही तसंच, केसाळ पानांचं चुनखडीवर आणि गंजासारख्या तांबूस पाठीच्या पानांचं आम्ल जमिनीवर. शेजारशेजारच्या दोन डोंगरांवर दगड बदलला की बहिणी बदलतात. तेव्हा झाड आणण्याआधी ते कुठल्या दगडावरचं हे विचारा.

हे सगळं एका दिवसात बघायचं असेल तर इंटरलाकेनजवळची शिनिगे प्लाटेची आल्पाइन बाग बघा. १९२९ सालापासून खुली आहे, दोन हजार मीटरच्या जरा खाली, दातेरी रुळांच्या जुन्या रेल्वेने वर जायचं. जुलै सर्वांत चांगला. तिथे झाडं ज्या वस्तीत वाढतात त्या वस्तीनुसार वाफे केलेत. मी दर वर्षी जातो आणि दर वर्षी समोर आयगर दिसत असताना तासभर तरी खाली वाकलेलाच असतो.

---

झाडवेडी

कातळफूल, रोपांची नावं द्या ना! मी लीड्सला, घरामागे जुनी उत्तराभिमुख भिंत आहे. ऊन जवळजवळ नाहीच. तिथे काही होईल का?

---

कातळफूल

झाडवेडी, उत्तरेची भिंत म्हणजे तर भाग्य! तिथे रामोंडा लावा. पिरेनीजमधलं झाड, सुरकुतलेल्या केसाळ पानांची चकती आणि मे-जूनमध्ये जांभळी फुलं, मधोमध पिवळी चोच. उभ्या फटीत, सावलीत, तोंड समोर करून. पाणी न मिळाल्यास पानं तपकिरी होऊन चुरगळतात, झाड मेलं असंच वाटतं. पाणी मिळालं की पुन्हा उलगडतात. बाल्कनमधली हाबर्लिया हिची जवळची नातलग, तीही तशाच जागी येते.

माझ्या दक्षिणेकडच्या भिंतीत असलेली झाडं:

रुपेरी सॅक्सिफ्रेज. माझं सर्वांत लाडकं. पानांच्या कडांना चुन्याचे बारीक पांढरे ठिपके असतात. कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून झाड चुनामिश्रित पाणी बाहेर टाकतं, पाणी उडून जातं आणि चुना राहतो. नखाने टोकरला तर कवच निघतं. भिंगातून बघा, रांगोळीचे ठिपके वाटतात. यातलं लॉन्जिफोलिया पाच-सहा वर्षं नुसता झुबका वाढवतं, मग दोन फुटी पांढरा तुरा टाकतं आणि मरतं. पिल्लं देत नाही, बी धरावंच लागतं.

हाउसलीक, म्हणजे सेम्पर्व्हायव्हम. हे कशातही जगतं. पिल्लं भराभर देतं. फुलोरा आलेला झुबका मरतो, पण तोवर भोवती डझनभर पिल्लं असतात.

एरिनस, छोटी कॅम्पान्युला आणि ऑब्रिशिया. एरिनस एकदा लावलं की बी टाकत भिंतभर आपणच फिरतं. मी लावलेल्या जागी आता एकही नाही, भलत्याच फटींत वीस आहेत.

वरच्या सपाटीवर फ्लॉक्स सुब्युलाटा आणि बुटका डायँथस, त्यांना कडेवरून खाली ओघळायला आवडतं.

---

आल्प्सवाटा

हाउसलीक आमच्या गावातल्या जुन्या घरांच्या छपरांवर अजून दिसतं. ते लावलं की घरावर वीज पडत नाही, अशी युरोपभर समजूत होती. शार्लमेनच्या काळात, इसवी सन ८०० च्या सुमाराच्या राजाज्ञेतही माळ्याने आपल्या घरावर हे झाड ठेवावं असं सांगितलेलं आहे. मातीशिवाय कौलांवर बाराशे वर्षं टिकलेलं झाड आहे हे!

---

डेन्व्हरकर

इथे कोलोरॅडोत गणित उलटं आहे. आमच्याकडे पाऊस-बर्फ मिळून वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आत, हिवाळा कोरडा, ऊन प्रखर. कूज हा आमचा त्रास नाहीच. जानेवारीत बर्फाविना आठवडेच्या आठवडे जातात आणि उन्हाने झाडं करपतात, ते आमचं दुखणं.

त्यावर उपाय म्हणून इथे क्रेव्हिस गार्डन लोकप्रिय झालंय. मूळ कल्पना चेक माळ्यांची. चपटे दगड पुस्तकांसारखे उभे लावायचे, मधे बोटभर फट, दगडाचा अर्ध्याहून अधिक भाग जमिनीत. पाणी फटीतून सरळ खाली उतरतं, मुळंही त्याच्या मागे खाली जातात, जिथे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब असते. विशेष म्हणजे हीच रचना ओल्या प्रदेशातही चालते, कारण मान कोरडी राहते. तळहाताएवढ्या झाडाचं मूळ दोन-दोन फूट खाली गेलेलं मी स्वतः उकरून पाहिलंय.

लुइसियाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. अमेरिकन शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने १८०६ साली माँटाना भागात गोळा केलेलं एक रोप वाळवून फिलाडेल्फियाला नेलं होतं. कित्येक महिन्यांनी ते मातीत लावल्यावर त्याला जीव धरलेला दिसला. म्हणून त्या जातीचं नाव लुइसिया रेडिव्हिव्हा, पुन्हा जिवंत झालेली. कातळफूल, ही तुमच्या कॉटिलीडॉनची बहीण, पण उन्हाळ्यात अजिबात ओल खपवून घेत नाही.

---

कासपठारी

धागा वाचून राहवलं नाही. मी साताऱ्याचा. इतक्या लांबच्या झाडांबद्दल वाचताना आपल्या कड्यावरची झाडं डोळ्यांसमोर येत होती.

शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. फक्त महाराष्ट्रात सापडते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणी, माणसाचा हात पोचत नाही अशा कड्याच्या फटींत. डॅल्झेल यांनी १८६०च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावावरून हिला नाव दिलं. मांसल लोंबत्या फांद्या, उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या काठ्या उरतात, पावसाळ्यात पानं आणि मग तांबडी-पिवळी चांदणीसारखी फुलं. माशा परागीभवन करतात. कातळफूल, तुमची झाडं थंडी झोपून काढतात, ही उन्हाळा झोपून काढते. जागा तीच, उभ्या खडकाची फट, आणि गरज तीच, मान कोरडी.

रामोंडासारखी वाळून परत उठणारी झाडंही आपल्याकडे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. मे महिन्यात सड्यावर करड्या गवताचे चिमूटभर पुंजके दिसतात, त्यातले बरेच ट्रायपोगॉन. वाळका पुंजका घरी बशीत पाण्यात ठेवा असं मी मुद्दाम सांगत नाही. पहिल्या वळवानंतर दुसऱ्या दिवशी पठारावर जा, तिथेच बघा.

मृद्गंध, एडलवाइसऐवजी हे करा: काळ्या दगडाच्या कपच्या उभ्या रोवून पसरट कुंडीत क्रेव्हिस करा आणि छाट कलमापासून वाढवलेली फ्रेरिया लावा. निवडुंग वाढवणाऱ्या लोकांकडे ती मिळते, काडी लगेच मूळ धरते. कड्यावरची मात्र कुणीही तोडू नये. जी आहे ती थोडीच आहे.

---

मृद्गंध

कासपठारी, मनापासून आभार. पुण्यात वाढले आणि शिवनेरीला चार वेळा गेले, पण हे झाड तिथे आहे हे आज कळलं. आता एडलवाइस बाजूला. एक विचारू? माझ्याकडे ब्रह्मकमळ आहे, ते हिमालयातलं ना? म्हणजे आल्पाइन?

---

हिमरेषा

मृद्गंध, आपण घरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते रात्री फुलणारं पांढरं फूल म्हणजे निवडुंगाची एक जात, एपिफायलम, मूळची मध्य अमेरिकेकडची. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सॉसुरिया ऑब्वलाटा. मी ते हेमकुंडच्या वाटेवर चार हजार मीटरच्या वर पाहिलं. कागदी, फिकट हिरवी-पिवळी पानं एकमेकांवर झाकलेली आणि आत जांभळा गोंडा. धुक्यात ती पानं कंदिलासारखी उजळ दिसतात. ती पानं म्हणजे फुलाभोवती बांधलेली छोटी काचघरंच, थंडी आणि पाऊस बाहेर ठेवणारी. ते घरी आणून जगवायचा विचारसुद्धा करू नका.

फुलांच्या घाटीत ऑगस्टमध्ये गेलात तर पायवाटेकडेच्या दगडांवर अँड्रोसेसच्या गुलाबी गाद्या बघा. तीच झाडं युरोपातल्या भिंतींत शंभर-दीडशे वर्षं लावली जातायत.

---

झाडवेडी

मी तीन रामोंडा आणल्या! पण इथे दोन संकटं आली. काळे कस्तूर पक्षी किडे शोधताना नवी रोपं उपटून खाली टाकतात. आणि कुंडीतलं एक सॅक्सिफ्रेज अचानक सैल झालं, उचललं तर मुळंच नव्हती, मातीत पांढरट, वाकड्या अळ्या.

---

कातळफूल

त्या वाइन वीव्हिल भुंग्याच्या अळ्या. तपकिरी डोक्याच्या आणि बिनपायाच्या असतील तर नक्की त्याच. कुंडी पूर्ण उपसा, मुळं धुवा, माती बागेत टाकू नका. उरलेल्या कुंड्यांना ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये, माती उबदार असताना, सूत्रकृमींचं, म्हणजे या अळ्यांना मारणाऱ्या सूक्ष्म कृमींचं पाणी द्या. थंडी पडल्यावर ते काम करत नाहीत. मुळं गेलेला झुबका फेकू नका. खालची पानं काढून ओल्या खडीत ठेवा, माझे दोन असे परत जगले.

पक्ष्यांसाठी पहिले दोन महिने फटीवर तारेची जाळी वाकवून बसवा. रोपाभोवती खडीचा बोटभर थर दिलात तर मानही कोरडी राहते आणि पक्ष्यालाही उकरण्यात रस उरत नाही.

बियांबद्दल बऱ्याच जणांनी व्यक्तिगत संदेशात विचारलंय. जेन्शियन आणि प्रिम्युलाच्या बियांना थंडी लागते. जानेवारीत पेरा, वर बारीक खडीचा थर द्या आणि कुंडी बाहेर ठेवा, हिमात, पावसात. आत उबेला ठेवलेली माझी पहिली कुंडी दीड वर्ष रिकामी राहिली. वैतागून बाहेर ठेवली, तर पुढच्या मार्चमध्ये भरभरून उगवली. म्हणून कुंडी लवकर ओतून टाकू नका. ब्रिटनमध्ये असाल तर १९२९ची आल्पाइन गार्डन सोसायटी किंवा १९३३चा स्कॉटिश रॉक गार्डन क्लब यांचे सभासद व्हा. दर हिवाळ्यात सभासदांच्या बागांतलं बी वाटतात. डोंगरावरून आणायचं कारणच उरत नाही.

आणि लंडनला गेलात तर चेल्सी फिजिक गार्डनमधला १७७३चा दगडी ढिगारा बघाच. त्यातला काळा दगड जोसेफ बँक्स यांनी आइसलंडहून जहाजाच्या तळात वजन म्हणून आणलेला लाव्हा आहे. आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याचा काळा दगड. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

---

डेन्व्हरकर

कातळफूल, तुमच्या तीन हिवाळे काढलेल्या लुइसियांना पावसाचं छप्पर करता का?

---

कातळफूल

गडग्यातल्यांना नाही. सपाटीवरच्या दोन लोकरी अँड्रोसेसना करते. ऑक्टोबर ते मार्च चार विटांवर काचेचा तुकडा, चारही बाजू उघड्या. बंद केलं तर बुरशी येते. थंडी आत जाऊ द्यायची, फक्त पाणी अडवायचं.

आज सकाळी बघून आले. लुइसियाच्या मधोमध तांदळाएवढ्या सात कळ्या आहेत. रामोंडा मात्र गेल्या तीन आठवड्यांच्या कोरड्या वाऱ्याने चुरगळून मुठीसारखी झाली होती. तिला वरून भांडंभर पाणी दिलंय. अजून तरी कडेची दोनच पानं सरळ झाली आहेत. उद्या पुन्हा बघते आणि इथे लिहिते.